हलकं काम मिळालं म्हणून भरपाई थांबत नाही

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजण्यात चूक होत असेल तर ती लगेच दिसेल. तुमचे मिस्टर चाकणला एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागात, ऑपरेटर आहेत. १२ ऑगस्ट २०२५ रोजी प्रेसच्या डायखाली (साच्याखाली) त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट चेंगरलं. हाड मोडलं, टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) तुटला, ऑपरेशन झालं; बोटं वाचली. आठ आठवडे ते घरी होते. ७ ऑक्टोबरपासून डॉक्टरांनी 'लाइट ड्यूटी' लिहून दिली आणि कंपनीने त्यांना स्टोअरमध्ये बसवलं. अपघाताआधी महिन्याला सरासरी २६,००० पडत होते, आता १५,००० पडतात. एचआरचं म्हणणं असं की माणूस कामावर रुजू झाला, म्हणजे अपंगत्व संपलं. दवाखान्याचं बिल कंपनीने भरलं, तीच भरपाई. आणि आता सही करायला 'फुल अँड फायनल' असा एक कागद पुढ्यात ठेवलाय.

तो कागद सध्या तसाच राहू द्या, सही नको. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

एचआरची दोन्ही विधानं कायद्यात बसत नाहीत. मी बावीस वर्षं पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यातल्या अपघाताच्या केसेस चालवतो, आणि 'रुजू झाला, विषय संपला' हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय तितकं दुसरं कुठलंच नाही. बोलणारे बहुतेक वेळा मुद्दाम खोटं बोलत नसतात. त्यांच्या डोक्यात माणूस एक तर आजारी असतो किंवा बरा. तुमच्या मिस्टरांसारखा मधल्या अवस्थेतला माणूस, जो कामावर येतो, कमावतो, पण पूर्वीइतकं कमावू शकत नाही, तो त्यांच्या रजिस्टरच्या कुठल्याच रकान्यात नसतो. कायद्याला मात्र तो शंभर वर्षांपासून माहीत आहे.

कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा आहे. २०१० पर्यंत त्याला कामगार नुकसानभरपाई कायदा म्हणत. त्यात अंशतः अपंगत्वाची व्याख्या दोन तुकड्यांत आहे, आणि सगळी किल्ली तिथेच आहे. अपंगत्व कायमचं असेल तर बघायचं की अपघाताच्या वेळी तो माणूस जी जी कामं करू शकला असता, त्या सगळ्यांतली त्याची कमाईची ताकद कमी झाली का. अपंगत्व तात्पुरतं असेल तर मोजमाप सोपं होतं: अपघाताच्या वेळी तो ज्या कामावर होता, त्या कामातली त्याची कमाईची ताकद कमी झाली का, एवढंच पाहायचं. तुमच्या मिस्टरांचं काम प्रेसवरचं. स्टोअरमध्ये ते बॉक्स मोजू शकतात, चलनं लिहू शकतात, यावरून प्रेसवरच्या त्यांच्या क्षमतेबद्दल काहीच सिद्ध होत नाही. उलट, कंपनीने त्यांना प्रेसवरून उठवून स्टोअरमध्ये बसवलं, हाच ते प्रेस चालवू शकत नसल्याचा पुरावा आहे, आणि तो खुद्द कंपनीनेच तयार केलाय.

आता रकमेकडे येण्याआधी एक गोष्ट तपासावी लागेल, कारण तिच्यावर सगळा रस्ता बदलतो. तुमचे मिस्टर ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, आहेत की नाहीत? तुम्ही ते लिहिलेलं नाही. २६,००० म्हणजे मर्यादेच्या वर, म्हणून ईएसआय नसणार, असं तुम्ही धरलं असेल. ईएसआयची पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,००० आहे, हे खरं. पण ती मर्यादा पाहताना ओव्हरटाइम धरत नाहीत. चाकणच्या प्रेस शॉपमध्ये महिन्याला पाच-सहा हजारांचा ओटी काही विशेष नाही. २६,००० मधून ओटी काढल्यावर आकडा २१,००० च्या आत येत असेल, तर ते ईएसआयचे विमेदार असायला हवे होते. शिवाय एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालखंड असतात; कालखंडाच्या मध्ये पगार वाढून मर्यादा ओलांडली तरी तो कालखंड संपेपर्यंत संरक्षण चालू राहतं. समजा जूनमध्ये पगारवाढ होऊन ते २१,००० च्या वर गेले असतील, तरी १२ ऑगस्टला ते ईएसआयमध्येच होते. म्हणून आज रात्री पहिलं काम हे करा: ऑगस्ट २०२४ ते जुलै २०२५ अशा बारा महिन्यांच्या सॅलरी स्लिप काढा आणि ईएसआयची कपात दिसते का ते बघा.

ईएसआय लागू असेल, तर १९२३ च्या कायद्याखाली कंपनीकडून भरपाई मागता येत नाही. पैसे ईएसआय महामंडळाकडून घ्यायचे. तिथे तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळात सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते. अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करता आलेलं नसावं, एवढीच अट. आधी इतके महिने वर्गणी भरलेली हवी, असं काही नाही. कंपनीने नाव नोंदवलंच नसेल तरी कामगाराचा हक्क बुडत नाही. महामंडळाने लाभ द्यायचा आणि कंपनीकडून वसूल करायचा, अशी तरतूद त्या कायद्यातच आहे. घरी बसलेल्या आठ आठवड्यांसाठी हा रस्ता कितीतरी चांगला. २०,००० पगार धरला तर महिन्याला ढोबळमानाने १८,००० येतात.

पण ईएसआयमध्ये एक अडचण आहे आणि ती तुमच्या बाबतीत नेमकी लागू पडते. तिथे तात्पुरत्या अपंगत्वात 'अंशतः' असा प्रकारच नाही. ज्या दिवशी माणूस काम करून पगार घेतो, त्या दिवसाचा लाभ मिळत नाही. म्हणजे हलक्या कामावर १५,००० मिळताहेत, वरचा फरक महामंडळ देईल, असं होत नाही. म्हणून ईएसआयवाल्यांना मी नेहमी सांगतो: घाईने लाइट ड्यूटी घेऊ नका. दवाखान्याचे डॉक्टर पूर्वीच्या कामासाठी फिट म्हणत नाहीत तोवर प्रमाणपत्र चालू ठेवा, आणि कामावर गेल्यावर हात पुन्हा सुजला तर त्याच दुखापतीसाठी पुन्हा प्रमाणपत्र घ्या. हा लाभ चालू असताना मालकाला कामावरून काढता येत नाही किंवा शिक्षा करता येत नाही, हेही त्या कायद्यात लिहिलेलं आहे.

इथून पुढे मी असं धरून चालतो की ओटी वगळूनही त्यांचा पगार २१,००० च्या वर होता आणि ईएसआय लागू नव्हतं. म्हणजे १९२३ चा कायदा. (तो आता रद्द होऊन २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तुमचा अपघात त्याआधीचा, म्हणून तुमचा हक्क जुन्या कायद्याने ठरतो. तात्पुरत्या अपंगत्वाची पंचवीस टक्क्यांची पद्धत, जी लगेच पुढे सांगतो, संहितेनेही तशीच ठेवली आहे. घर ते कारखाना या वाटेवरच्या अपघातांचा संहितेत स्पष्ट उल्लेख आला, हा मोठा फरक; पण तो तुमचा विषय नाही.)

या कायद्यात तात्पुरतं अपंगत्व पूर्ण असो वा अंशतः, मासिक वेतनाच्या २५ टक्के इतकी रक्कम दर पंधरवड्याला द्यायची असते. म्हणजे महिन्याला दोनदा. अपंगत्व २८ दिवस किंवा जास्त टिकलं तर पहिल्या दिवसापासून धरतात. त्याहून कमी टिकलं तर पहिले तीन दिवस सुटतात. पहिला हप्ता सोळाव्या दिवशी देय होतो, तुमच्या बाबतीत ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात. अपंगत्व असेपर्यंत किंवा जास्तीत जास्त पाच वर्षं हे हप्ते चालतात.

आता यातली कडू गोष्ट. २५ टक्के कशाचे? हा हिशेब करताना मासिक वेतनाला केंद्र सरकारने घातलेली कमाल मर्यादा आहे. ३ जानेवारी २०२० पासून ती १५,००० आहे, त्याआधी ८,००० होती. म्हणजे तुमच्या मिस्टरांचा पगार २६,००० असला तरी हप्ता १५,००० वर मोजला जातो: पंधरवड्याला ३,७५०, महिन्याला ७,५००. दोन लेकरं, खोलीचं भाडं, गावाकडे पाठवायचे पैसे, आणि घरात ७,५००. हा आकडा सांगताना मला आजही संकोच वाटतो, कारण समोरची बाई आधी माझ्याकडे आणि मग नवऱ्याच्या हाताकडे बघते. पण आकडा लहान आहे म्हणून लोक तो मागतच नाहीत, आणि तिथेच जास्त नुकसान होतं. हप्ते चालू असणं म्हणजे 'दुखापत कामावर झाली आणि अजून बरी झालेली नाही' याची कागदोपत्री कबुली. पुढे कायमच्या अपंगत्वाची वेळ आली तर ही कबुली लाखमोलाची ठरते.

लाइट ड्यूटीचा काळ याच हिशेबात बसतो. कायदा म्हणतो, पंधरवड्याचा हप्ता हा अपघातापूर्वीच्या अर्ध्या मासिक पगारातून आताचा अर्धा मासिक पगार वजा केल्यावर जे उरतं त्याहून जास्त असू नये. तुमचे आकडे घालू. आधीचा अर्धा पगार १३,०००. आताचा अर्धा ७,५००. फरक ५,५००. हप्ता ३,७५०, तो ५,५०० पेक्षा कमी आहे, म्हणून पूर्ण ३,७५० द्यावा लागतो. स्टोअरमधला पगार उद्या २०,००० केला, तर फरक ३,००० होतो आणि हप्ता ३,००० वर येतो. पूर्ण २६,००० दिले, तर हप्ता शून्य. तुमच्या बाबतीत उंबरठा १८,५०० चा आहे: हलक्या कामाचा पगार तिथपर्यंत असेल तर हप्ता कापला जात नाही, त्यापुढे पगार आणि हप्ते मिळून बेरीज बरोबर २६,००० वर थांबते. कायद्याचा हेतू स्वच्छ आहे, जखमी माणसाने पूर्वीपेक्षा जास्त कमवू नये. पण कामावर आला की सगळं बंद, असं त्यात कुठेही नाही.

इथे एक वाद होऊ शकतो, तो आधीच सांगतो. कंपनीचे वकील कधी कधी फरक काढतानाही आधीचा पगार १५,००० धरतात. म्हणजे आधी १५,०००, आता १५,०००, फरक शून्य! मी हे कधीच मान्य केलेलं नाही. कमाल मर्यादा ठरवण्याचा अधिकार कलम ४ च्या पोटकलम (१) पुरता आहे, म्हणजे २५ टक्के काढण्यापुरता. फरकाची अट पोटकलम (२) मध्ये आहे, आणि तिथले शब्द आहेत अपघातापूर्वीचं कर्मचाऱ्याचं मासिक वेतन. माझ्या मते तिथे प्रत्यक्ष पगारच धरायला हवा. तुमच्या वकिलांना हा मुद्दा अर्जातच लिहायला सांगा, तोंडी युक्तिवादासाठी राखून ठेवू नका.

दुसरा वाद पगाराच्या घटकांवरून होतो. कंपनी म्हणेल, 'बेसिक आणि डीएला आम्ही हात लावलेला नाही, मग पगार कमी झाला कुठे?' कमी झाला तो उत्पादनाचा इन्सेंटिव्ह, नाइट अलाउन्स आणि ओटी. प्रेसवर स्ट्रोक (यंत्राचे दाब) मोजून इन्सेंटिव्ह मिळतो, स्टोअरमध्ये स्ट्रोक नाहीत. पण कायद्यातल्या वेतनात पैशात मोजता येणारा प्रत्येक लाभ येतो. वगळलेत ते प्रवासभत्ता, मालकाची पीएफ वर्गणी आणि कामाच्या स्वरूपामुळे होणाऱ्या खास खर्चापोटी दिलेले पैसे. माणूस अपघातापूर्वी सलग बारा महिने त्याच मालकाकडे असेल तर त्या बारा महिन्यांच्या एकूण वेतनाला बाराने भागायचं. म्हणून त्या बारा स्लिपा इतक्या महत्त्वाच्या. बँकेत जमा होणारा पगार आणि स्लिपवरचा पगार यात फरक असेल, म्हणजे ओटी रोख हातात मिळत असेल, तर बारा महिन्यांची हजेरी, पंचिंगचे फोटो, सुपरवायझरचे व्हॉट्सअॅप मेसेज, जे हाताशी असेल ते जपून ठेवा.

दवाखान्याच्या बिलाचं बोलू. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च परत देणं ही मालकाची वेगळी जबाबदारी आहे. २०१० पासून ती कायद्यात स्वतंत्र लिहिलेली आहे. उपचारासाठी मालकाने दिलेले पैसे भरपाई म्हणून वजा करता येत नाहीत, असं स्पष्टीकरणही कायद्यातच आहे. म्हणजे बिल भरलं ते चांगलंच केलं, पण त्याने हप्ते फिटले नाहीत. फिजिओथेरपी, पट्ट्या, औषधं यांच्या पावत्या तुम्ही स्वतः भरल्या असतील तर त्याही मागा. याच्याच जोडीला एक जुनी खोड सांगतो: घरी असलेल्या आठ आठवड्यांत कंपनीने त्यांच्या हक्काच्या रजा खर्ची टाकून काही दिवसांचा पगार दिला असेल, आणि आता म्हणेल की पगार तर दिला. रजेचा पगार माणसाने आधीच कमावलेला असतो. तो भरपाई म्हणून दिलेला पैसा नव्हे. मस्टरमध्ये त्या दिवसांवर काय शेरा आहे तो बघून ठेवा. कारखान्यात युनियन असेल तर करारनामाही वाचा. कित्येक करारांत कामावरच्या अपघातासाठी पूर्ण पगारी रजा असते, आणि ती कायद्याच्या ७,५०० पेक्षा केव्हाही चांगली. हे प्रत्येक कारखान्यागणिक बदलतं, त्यामुळे इथे बसून मला सांगता येणार नाही.

आतापर्यंतचा हिशेब एकत्र करतो. ईएसआय नाही, असं धरलं. १२ ऑगस्ट ते १२ जानेवारी पाच महिने झाले, म्हणजे दहा हप्ते. आठ आठवडे घरी आणि नंतर स्टोअरमध्ये, दोन्ही काळात हप्ता ३,७५०. एकूण ३७,५००, आणि पुढे दर पंधरवड्याला भर. रक्कम देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के सरळ व्याज लागतं. उशिराला सबळ कारण नसेल तर या कायद्याखालचे दावे ऐकणारे आयुक्त थकबाकीच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लावू शकतात, आणि तो दंडही कामगारालाच मिळतो.

आता ज्यावर केस उभी राहते किंवा पडते, ते डॉक्टरांचं प्रमाणपत्र. इथे मला माझी एक चूक सांगायची आहे. सुरुवातीच्या वर्षांत भोसरीच्या एका वेल्डरची केस माझ्याकडे होती. मनगट मोडलेलं, तोही असाच लाइट ड्यूटीवर. त्याच्या कागदावर एकच ओळ होती: 'फिट फॉर लाइट ड्यूटी'. मी ती तशीच दाखल केली. उलटतपासणीत विचारलं गेलं की या कागदात 'फिट' हा शब्द आहे की नाही. आणि डॉक्टरांना आठ महिन्यांनंतर मनगट किती वळत होतं ते आठवेना. त्या माणसाचे पाच महिन्यांचे हप्ते गेले, आणि ते माझ्यामुळे गेले. तेव्हापासून मी डॉक्टरांसाठी प्रश्न लिहून देतो. मुठीची पकड किती राहिली? बोट कुठपर्यंत वाकतं? किती किलो वजन उचलता येतं? प्रेस, कटर, ग्राइंडर यांसारख्या यंत्रावर काम करणं सुरक्षित आहे का? ही अवस्था अंदाजे किती आठवडे राहील, पुढची तपासणी कधी? आणि शेवटी एक स्पष्ट वाक्य: 'प्रेस ऑपरेटरच्या पूर्वीच्या कामासाठी सध्या अक्षम.' बहुतेक हाडांचे डॉक्टर हे आनंदाने लिहून देतात, त्यांना फक्त कोणी विचारलेलं नसतं. मिस्टरांना पुढच्या तपासणीला नेताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या.

कंपनीने आपल्या खर्चाने त्यांच्या डॉक्टरकडे तपासायला बोलावलं तर जरूर जा. विनाकारण नकार दिला तर तेवढ्या काळापुरता हक्क स्थगित होतो. फक्त तिथे दिलेल्या कागदाची प्रत मागा आणि स्वतःच्या डॉक्टरांचा कागद सोबत ठेवा. प्रकृतीत फरक पडला, सुधारली किंवा बिघडली, की वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून कोणत्याही बाजूला हप्त्यांचा फेरविचार मागता येतो. म्हणजे कंपनीला हप्ता बंदच करायचा असेल तर तिच्यासाठीही कायदेशीर दार उघडं आहे. एचआरच्या टेबलावर बसून परस्पर बंद करणं हा तो मार्ग नाही.

एक शक्यता मनाशी धरा. टेंडनच्या दुखापतीत बोट पूर्वीसारखं वाकेलच असं नसतं. उपचार संपल्यावरही ताठरपणा राहिला तर ते कायमचं अंशतः अपंगत्व, आणि त्याचा हिशेब एकरकमी असतो. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात बोट तुटण्याचे टक्के ठरलेले आहेत: अख्खी तर्जनी गेली तर १४, मधलं बोट १२. बोट आहे पण त्याचा उपयोग पूर्ण आणि कायमचा गेला, तरी तुटल्यासारखंच धरतात. थोडाफार उपयोग उरला असेल तर कमाईची क्षमता किती टक्के घटली ते डॉक्टर ठरवतात. वय ३५ असेल तर कायद्यात वयानुसार ठरलेला गुणक १९७.०६, १५,००० चे ६० टक्के ९,०००, त्याला गुणकाने गुणलं की १७,७३,५४०, आणि समजा १४ टक्के ठरले तर सुमारे २,४८,०००. तोवर मिळालेले हप्ते यातून वजा होतात. मिस्टरांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे हा आकडा फक्त अंदाजासाठी.

आता तो 'फुल अँड फायनल' कागद का नको, ते लक्षात येईल. आज १०-१५ हजार हातात ठेवून कंपनी पुढचे हप्ते आणि ही संभाव्य रक्कम दोन्ही मिटवू पाहते आहे, आणि तेही बोट किती वाकणार हे कोणालाच माहीत नसताना. कायद्याने मिळणारा हक्क सोडून देणारा करार कायद्यानेच रद्दबातल ठरतो. एकरकमी तडजोड करायचीच असेल तर तिची नोंद आयुक्तांकडे व्हावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंद नाकारू शकतात. नोंद न केलेल्या कागदाच्या आड मालकाला लपता येत नाही. तरीही सही करू नका म्हणतो, कारण सही केलेला कागद खोटा पाडण्यात वर्ष जातं. हप्ते सहा महिने चालले की उरलेल्या हप्त्यांऐवजी एकरकमी रक्कम ठरवून घेण्याची रीतसर सोय आहे. घाई त्यांनाच असेल तर त्यांनी त्या वाटेने यावं.

तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारलं जाईल म्हणून सांगतो. कंपनी म्हणेल, गार्ड (यंत्राचं संरक्षक कवच) काढून हात घातला, चूक त्याचीच. साधा निष्काळजीपणा हा बचाव या कायद्यात नाही. दारूच्या अंमलाखाली असणं, सुरक्षेचा स्पष्ट आदेश जाणूनबुजून मोडणं, किंवा गार्ड जाणूनबुजून काढणं, एवढेच बचाव आहेत, आणि ते कंपनीने सिद्ध करायचे असतात. प्रेस शॉपमध्ये दोन्ही हातांनी दाबायची बटणं एका बटणावर आणून ठेवलेली, हात आत असताना यंत्र थांबवणारा सेन्सर बायपास केलेला, आणि हे सगळं टार्गेटसाठी सुपरवायझरच्या डोळ्यांदेखत, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की त्या यंत्राचा एक फोटो मिळाला तरी पुष्कळ काम होतं. शेजारच्या मशिनवरच्या सहकाऱ्याशी मिस्टरांना आत्ताच बोलू द्या. लोक नोकऱ्या बदलतात, मग सापडत नाहीत. अपघातानंतर ४८ तास किंवा जास्त काळ कामगार येऊ शकला नाही, तर कारखान्याने औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला कळवावं लागतं. ते कळवलं का, आणि त्यात काय लिहिलं, हे माहितीच्या अधिकारात मागता येतं.

मिस्टर ठेकेदाराकडून कामाला असतील तर घाबरू नका, मुख्य कंपनीकडेही मागणी करता येते. तिने ती ठेकेदाराकडून वसूल करावी.

पुढची पावलं क्रमाने. स्लिपा आणि डॉक्टरांचा सविस्तर कागद हाती आला की कंपनीला मिस्टरांच्या सहीचं एक पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवा. अपघाताची तारीख, वेळ, मशीन, दुखापत, घरी असल्याचा काळ, हलक्या कामाची तारीख, आधीचा आणि आताचा पगार, आणि थकलेल्या हप्त्यांची मागणी. भाषा साधी ठेवा, आरोप नकोत. पत्र मराठीत चालतं. बऱ्याच कंपन्यांकडे या भरपाईचा विमा असतो, आणि असं पत्र गेल्यावर प्रकरण विमा कंपनीकडे सरकून महिन्याभरात पैसे आलेले मी पाहिले आहेत. नाही आले, तर आयुक्तांकडे अर्ज. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्त म्हणून काम पाहतात. तुमच्यासाठी ते पुण्याला. मधल्या काळात तुम्ही गावाकडे राहायला गेलात, तर जिथे नेहमी राहता तिथल्या आयुक्तांकडेही अर्ज चालतो, चाकणला खेपा घालायला नकोत. मुदत अपघातापासून दोन वर्षांची, म्हणजे ऑगस्ट २०२७ पर्यंत. पण इतकं थांबू नका; साक्षीदार आणि डॉक्टरांची आठवण दोन्ही त्याच्या कितीतरी आधी पातळ होतात.

आणि स्टोअरमधलं काम मिस्टरांनी सोडू नये. ते झेपत नसेल, वजनं उचलायला लावत असतील, तर तसं लेखी द्यावं आणि डॉक्टरांना दाखवावं. न सांगता घरी बसले तर कंपनीला 'काम दिलं होतं, आला नाही' म्हणायला जागा मिळते. सॅलरी स्लिपवर ओटीची ओळ वेगळी दिसते का, आणि ईएसआयची कपात आहे का, एवढ्या दोन गोष्टी कळवा. त्या कळल्या की यातला कुठला रस्ता तुमचा, ते नक्की सांगतो.